डोकं कुणाच्या हाती?

मान खाली घाला. काळ कुठलाही असो, डोक्याचं काम करणारा माणूस पहिल्यांदा हेच सांगतो, आणि एरवी कुणापुढं न वाकणारेही त्याच्यापुढं निमूट वाकतात. तुम्ही बाई की पुरुष, हे मी आत्ता ठरवत नाही. ज्या काळात उतराल तिथल्या सोयीनं ठरेल. मोबाइल, हेअरस्प्रे, केस सरळ करायचं यंत्र इथंच ठेवा. केस धुऊन या, पण काल धुतलेले. आजच न्हालेले केस हातात ठरत नाहीत, सुळसुळ निसटतात. अंबाडा घालायचा असो, वेणी असो की पगडीखाली शेंडी दाबायची असो, एक दिवसाचे शिळे केस केव्हाही बरे.

पहिला थांबा लवकर उरकू. कार्ले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. चैत्याच्या दाराशी तुम्ही उभे आहात, पायाखाली दगडाचा चुरा करकरतोय आणि समोर कारागीर कातळातून जोडपी बाहेर काढतोय. त्या जोडप्यांच्या अंगावर कपडा बेताचाच: कंबरेला वस्त्र, हातापायांत जाडजूड कडी. सगळी हौस डोक्यावर. पुरुषांच्या मुंडाशाला कपाळाच्या वर भलीमोठी गोल गाठ, बायकांच्या शिरोभूषणाचा थाटही त्यांच्या तोडीस तोड. तेवढ्यात तुमच्याही डोक्याला कुणीतरी हात घालतं. केसांची बट आणि कापडाची पट्टी एकत्र पिळून डोक्याभोवती फिरवली जाते आणि शेवट कपाळाजवळ गाठीत अडकवला जातो. केस आणि कापड असे एकमेकांत गुंतले की घाटातला वारा काय करणार? कोकणातल्या बंदरांवरून बोरघाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढा विचार करावाच लागतो.

इथं रेंगाळू नका. नजाकत बघायची तर चारशे वर्षं पुढं, वाघूर नदीच्या वळणावर.

वाकाटक सम्राट हरिषेणाचा काळ, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. अजिंठ्याच्या ज्या लेण्याला पुढं १७ क्रमांक मिळणार आहे त्यात तुम्ही शिरता. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतल्या अर्धस्तंभावर एक राजस्त्री दिसू लागते. हातात आरसा, मान किंचित कललेली. तिच्या आजूबाजूला दासी: एकीच्या हातात चवरी, दुसरीच्या हातात प्रसाधनाचं तबक. चित्र प्रसिद्ध आहे आणि बघणारे राजस्त्रीकडंच बघतात. तुम्ही दासींकडं बघा. आरशात बघणारीला आपली मागची बाजू दिसत नाही. तिची पाठ, मान, अंबाडा हे सगळं त्या दोघींना ठाऊक आहे.

आता त्यांच्यापैकीच एकीच्या हाती स्वतःला सोपवा. केस ओलसर आहेत तोवर ती तुम्हाला पाठीवर आडवं व्हायला सांगते. केस मागं टोपलीवर पसरते आणि टोपलीखाली धुपाटणं सरकवते. त्यात ऊद जळतोय. बाळंतघरात शेपा-ओव्याची धुरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. धुरानं केस वाळतात, वास धरतात आणि थोडे जडही होतात, म्हणजे मग हातात राहतात. इकडं ही धुरी पुरुषांनाही मिळते, संकोच नको. अजिंठ्यातल्या पुरुषांचे केस बायकांइतकेच लांब आणि तितकेच कुरळे असतात, खांद्यावर रुळतात, वर मोत्यांच्या सरांचा मुकुट. पुरुषांच्या केसांना आपण कात्री लावून जो कंटाळवाणा आकार दिलाय तो या मंडळींना दाखवू नका.

फुलं कुठली माळायची? कालिदासाच्या मेघदूतात अलका नगरीतल्या बायका अंबाड्यात ताजा कुरबक खोवतात, कानावर शिरीष आणि भांगात कदंब. ऐकायला सुंदर. पण बाजारात फुलवाल्याकडं मागून बघा. कुरबक वसंतातला, शिरीष उन्हाळ्यातला, कदंब पावसाळ्यातला. अलकेत सगळे ऋतू एकदम नांदतात म्हणून हे तिथं जमतं. पृथ्वीवर एका वेळी एकच फूल मिळायचं, आणि खरं सांगायचं तर डोक्यावर एका वेळी एकच फूल शोभतं.

त्याच काव्यात एक उदास वेणीही आहे. विरहाच्या पहिल्या दिवशी यक्षपत्नीनं फुलं न माळता एकच वेणी घातली. शाप सरला की ती यक्षानं स्वतःच्या हातानं सोडायची. तोवर वर्षभर ना तेल, ना फणी. हे रामगिरीवरून सांगितलं जातं, तो रामगिरी म्हणजे रामटेक असं मानतात, आणि वाकाटकांचं नंदिवर्धन तिथून जवळच. म्हणजे आपल्याच मुलखातली गोष्ट. काव्य म्हणून ती मला आवडते. त्या बाईच्या डोक्यात वर्षभरात किती गुंता झाला असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही. तो कुणी आणि किती वेळ सोडवला, हे काव्यात येत नाही.

आता मोठी उडी. १७९२ चा जून, पुणे.

शहरात पाय ठेवायला जागा नाही. महादजी शिंदे उत्तरेतून आलेत, पेशवे सवाई माधवरावांसाठी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलकीची वस्त्रं घेऊन. गल्लीबोळांतून उत्तरेतल्या लष्कराची माणसं फिरतायत आणि नुसत्या डोक्यावरून कळतं कोण कुठला. पाऊस तोंडावर आलाय. तुम्हाला दरबाराच्या गर्दीत शिरायचंय आणि डोकं उघडं आहे. उघड्या डोक्यानं बाहेर पडणारा माणूस या शहरात एकतर सुतकात असतो नाहीतर वेडा. आधी ओट्यावर बसा.

न्हावी पाणी चोळतो. साबण नाही, नुसतं पाणी आणि अंगठा. केस मऊ व्हायला वेळ लागतो. घाईनं पाणी लावून वस्तरा फिरवणारा न्हावी कच्चा. वस्तरा कपाळापासून मागं जातो, मग कानांच्या वरून. "घेरा किती ठेवू?" तो विचारतो. घेरा म्हणजे टाळूवर राखलेलं केसांचं गोल चकदं, त्यातूनच शेंडी. शास्त्रीबोवांचा लहान, शौकीन गृहस्थाचा ऐसपैस. लष्करातले लोक कल्ले राखतात, गलमिशा राखतात, त्यांचा तोरा निराळा. तुम्ही हातानं अंदाजे आकार दाखवता. त्याला तो पसंत नसतो, पण तो काही बोलत नाही, स्वतःला हवा तेवढा ठेवतो. न्हाव्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, विशेषतः त्याचा वस्तरा तुमच्या कानामागं असताना.

तिथून पगडबंदाकडं. दुकान कसलं, एक ओटी. दोन गुडघ्यांत लाकडी कालबूत धरून तो बसलाय. कालबूत म्हणजे डोक्याच्या आकाराचा ठोकळा; पगडी तुमच्या डोक्यावर नाही, त्याच्यावर बांधली जाते. पागोटं रोज उठून डोक्याभोवती गुंडाळायचं. पगडी एकदा बांधून घेतली की टोपीसारखी घालायची, काढायची, खुंटीला लावायची. मऊ तलम कापड, ओलसर केलेलं. तो त्याला पीळ देतो, पिळाचा दोर होतो, आणि तो दोर एकाशेजारी एक असा बसत जातो. अंगठ्यानं प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाबून चिकटवायचा, मध्ये नखही शिरता कामा नये. हात थांबत नाहीत, तो वर बघतही नाही.

"कुणाकडचे?" तो विचारतो. माप नंतर. आधी हे.

उत्तर जपून द्या. शास्त्र्याची पगडी निराळी, सराफाची निराळी, सरदाराकडच्या कारकुनाची निराळी, आणि ज्याच्या घरात पगडी चालतच नाही त्यानं पागोटं बांधायचं. आवड म्हणून दुसऱ्याची पगडी घालता येत नाही. तुम्हाला शिंदेशाही आकार भावला असेल, मला पेशव्यांच्या तुऱ्यातले मोती भावतात. दोघांनीही गप्प बसावं. आपण आज दुकानात जाऊन कुठलीही टोपी उचलतो आणि आरशात बघून ठरवतो. या शहरात ते लोकांनी आधीच ठरवून ठेवलंय, पगडबंद फक्त बांधून देतो. पण ज्याला सगळ्यांच्या पगड्या बांधता येतात अशा माणसाला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. कुणाचं डोकं वाढत्या वयात लहान झालंय, कुणी जुनीच पगडी उलगडून पुन्हा बांधून नेतो आणि नवी म्हणून मिरवतो, हे त्याच्याइतकं कोतवालालाही माहीत नसेल.

"डोकं हलवू नका, राव." दोरीनं तो कपाळाचा घेर मोजतो. बसवून दाखवतो: दोन्ही हातांनी, पुढून मागं, भुवईच्या वर दोन बोटं सोडून. पगडी मागं गेली तर माणूस उर्मट दिसतो, पुढं आली तर झोपलेला. तुमच्या पगडीचा रंग कुसुंब्याचा आहे आणि कुसुंब्याचा लाल पाण्याला कच्चा. तेव्हा मेणकापडाची गवसणी घेतल्याशिवाय ओटी उतरू नका. पहिल्याच सरीत दरबारी मंडळींच्या कपाळावरून लाल ओघळ येताना बघायचे असतील तर शनिवारवाड्याच्या बाहेर थांबा. याच वर्षी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आलाय, पेशव्यांच्या, नाना फडणवीसांच्या, महादजींच्या तसबिरी काढणार आहे. त्याच्या चित्रांत सगळ्यांच्या पगड्या कोरड्या आहेत.

आता बाई व्हा आणि वाड्याच्या मधल्या चौकात या. सकाळी नहाणं झालंय. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा असं रात्रभर भिजवून उकळलेलं पाणी. त्याचा वास अजून दगडी दोणीभोवती आहे. पायरीवर तुम्ही खाली, तुमच्या वरच्या पायरीवर काकू, तिच्या वर आणखी कुणी. तीन पायऱ्या, तीन डोकी, प्रत्येकीचे हात खालच्या डोक्यात. सासरच्या सगळ्या बातम्या या पायऱ्यांवरून वाहतात. काकू फणी लावते तेव्हा मुळाशी एका हातानं केस धरून ठेवते, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. ही युक्ती सोबत घेऊन या. आजच्या पार्लरांतून ती हळूहळू नाहीशी होतेय.

केस कमी असतील तर लाजू नका, गंगावन आहे. उसन्या केसांचा हा झुबका वेणीत गुंफला की शेपटा कमरेखाली उतरतो, आणि हे गुपित घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. तिपेडी वेणी रोजची, चौपेडी सणाची, पाचपेडी घालायची तर घालणारीला दुपार मोकळी हवी. मग दागिने: टाळूवर मूद, तिच्याखाली राखडी, वेणीच्या टोकाला गोंडे. श्रावणापर्यंत थांबलात तर केवडाही मिळेल. काकू केवड्याची आतली पिवळी पात निवडते, दोन्ही कडांचे आणि मधल्या शिरेवरचे काटे नखानं काढते, पात घडी घालून वेणीच्या पेडांत सरकवते. मधल्या शिरेचे काटे उलटे असतात आणि पुष्कळ जणी ते विसरतात. दुपारभर मानेला टोचत राहतं आणि बाईला वाटतं, उन्हानं घामोळं आलं.

परसदाराशी न्हावी आलाय. सकाळी तुमचा घेरा केला तोच.

आत एक मुलगी बसलीय, बारा-तेरा वर्षांची. तिचा नवरा गेल्याला थोडेच दिवस झालेत. तीन पायऱ्यांवरच्या बायका बोलायच्या थांबल्यात. काकूचे हात तुमच्या डोक्यात तसेच राहिलेत. पुढं या मुलीनं लाल आलवण नेसायचं, पदर डोक्यावरून खाली ओढायचा आणि केस वाढले की दर काही दिवसांनी याच परसदारी येऊन बसायचं, जन्मभर. वस्तरा तोच, पाणी तेच, अंगठाही तोच. न्हाव्याला कुणी विचारत नाही. मुलीला तर नाहीच.

या थांब्यावर अधिक काही बघण्यासारखं उरत नाही. चला.

१८९०, मुंबई. आता पुण्याहून रेल्वेनं घाट उतरता येतो, आणि बोरीबंदरला जी प्रचंड नवी इमारत दिसते ती पुरी होऊन दोनच वर्षं झालीत. फलाटावर उभं राहून नुसती डोकी बघा: प्रभूंची पगडी, पारशांची उंच चकचकीत, भाटियांची लाल, बोहऱ्यांची सोनेरी काठाची, गिरणीकामगारांची मुंडाशी, साहेबाची सोला हॅट. इतक्या तऱ्हा एका फलाटावर पुन्हा कधी दिसणार नाहीत.

पण तुम्ही आलात ते सभेला. ती पुढाऱ्यांची नाही, न्हाव्यांची आहे. शेकडो न्हावी जमलेत. मागं नारायण मेघाजी लोखंडे आहेत: सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणीकामगारांची संघटना बांधणारे. याच वर्षी जूनमध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच झगड्यानं. इथला ठराव साधा आहे: विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही.

केशवपनाविरुद्ध बोलणारे तोवर पुष्कळ होते. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ पासून निघत होता आणि त्यांची लेखणी वस्तऱ्याहून बोथट नव्हती. जोतीराव तर कधीपासून सांगत होते. त्यांचं हे शेवटचं वर्ष, नोव्हेंबरात ते जातील. पण या सगळ्यांच्या हातात लेखणी होती. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं, याची जात वेगळी आहे. सभेत बसलेल्यांचे चेहरे बघा. लेख लिहून लेखकाचं गिऱ्हाईक तुटत नाही. यांचं तुटणार आहे. गावगाड्यात बलुतं घेणाऱ्या न्हाव्याला हे परवडलंच नसतं, पाटील-कुलकर्ण्यांनी सुगीला त्याला खळ्यावर उभं केलं नसतं. मुंबईत पैसे रोख मिळतात, एका आळीनं दार लावलं तर दुसरी आळी आहे. बंड इथं झालं त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. रोख पैशानं किती माणसांच्या पाठीचा कणा सरळ झाला याचा हिशेब आपल्याकडं नीट मांडला गेलेला नाही.

प्रथा लगेच थांबली नाही. पुढं कित्येक दशकं परसदारं उघडत राहिली, ठरावाला न जुमानणारेही निघाले. पण १७९२ साली ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्यानं इथं स्वतःहून उत्तर दिलंय, आणि ते ऐकायला तुम्ही हजर आहात.

१९२१ चा जुलै. पावसात भिजलेली मुंबई, आणि एकाच महिन्यात डोक्यांचे दोन तमाशे.

पहिला ८ तारखेला, बालीवाला थिएटरात. टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकीट मिळालं असेल तर नशीबवान आहात. जागा बायकांच्या बाजूला घ्या. रंगमंचावर पदाला वन्स मोअर मिळत असताना या बाजूला निराळंच काम चाललंय. पुढच्या रांगेतली बाई कानानं गाणं ऐकतेय आणि डोळ्यांनी अंबाडा वाचतेय. मानेपासून किती वर घातलाय, वेणी डाव्या अंगाला किती झुकलीय, गजरा पूर्ण फिरवलाय की अर्ध्यावर सोडलाय. भामिनी वनमाला होऊन साध्या वेषात येते तेव्हाचा साधेपणा कसा साधलाय तेही ती टिपून घेते. उद्या गिरगावात, परवा पुण्यात तसेच अंबाडे दिसू लागतील. एका पुरुषानं घातलेल्या अंबाड्यावरून महाराष्ट्रातल्या बायका आपला अंबाडा ठरवतायत आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला ही आपल्या फॅशनच्या इतिहासातली सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते.

त्यातला एक धडा घेऊन जा. अंबाडा ठरतो तो आकड्यांच्या संख्येवर नाही, दिशेवर. केसांचा पीळ देऊन गोल फिरवला, टोक खाली दडपलं की आकडा आधी अंबाड्याच्या कडेची बट पकडून बाहेरच्या बाजूला न्यायचा, टाळूजवळचे थोडे केस घ्यायचे आणि मग उलटा फिरवून अंबाड्याच्या पोटात शिरवायचा. असे चार आकडे तीन अंक पुरतात. सरळ खुपसलेले बारा पहिल्या अंकात गळतात.

दुसरा तमाशा ३१ तारखेला, परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. उद्या टिळकांचा पहिला स्मृतिदिन. विलायती कपड्यांचा डोंगर रचलाय, गांधीजी काडी लावतात. कोट, साड्या, आणि टोप्या: परदेशी फेल्टच्या काळ्या टोप्या हवेत भिरभिरत आगीत पडतायत. तुमच्याही डोक्यावर एक आहे. शेजारचा बघतोय. काढा.

उघड्या डोक्यानं परतायचं नाही, लगेच कुणीतरी हातात पांढरी खादीची टोपी ठेवतो. ती जन्मली कशी ते गांधीजींनी काकासाहेब कालेलकरांना सांगितलं होतं. प्रांतोप्रांतीची शिरोवस्त्रं त्यांनी डोळ्यांखालून घातली, काश्मिरी टोपी पसंत पडली: हलकी, घडी होणारी, खिशात मावणारी, कापड थोडकं. रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो आणि मळ दिसला की माणूस धुतो. काळ्या टोपीत घाम मुरत राहतो.

कालेलकर आपले साताऱ्याचे, त्यांच्यामुळं हे कळलं हे बरं झालं. टोपी हातात फिरवून बघताना मला मात्र पुण्यातली ओटी आठवते. या टोपीला कालबूत लागत नाही. कुणाकडचे, असं कुणी विचारत नाही. शिवायला साधा शिंपी, धुवायला तुमचे तुम्ही, घालायला आरसाही नको. शास्त्री, सराफ, कारकून, ज्याच्या घरात पगडी चालतच नव्हती तो, सगळ्यांना एकच. पगडबंदाच्या धंद्यावर पडलेला हा शेवटचा घाव. सगळी डोकी सारखी झाल्याचा आनंद खरा, आणि त्या अंगठ्यातलं कसब गेलं हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे ज्यांच्या नावानं ही टोपी ओळखली जाते त्यांनी सप्टेंबरात मदुराईला पंचा स्वीकारला आणि टोपीही सोडली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या आजोबांनी ती पुढं शंभर वर्षं सांभाळली.

पुढचा थांबा धावता. १९६०, दादरची चाळ. 'लव्ह इन शिमला' लागलाय, साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी झालर कापायला लावलीय, आणि तुम्ही मोरीजवळच्या आरशापुढं शिवणाची कात्री घेऊन उभ्या आहात. आयुष्यात पहिल्यांदाच डोकं तुमच्याच हाती आहे. केस ओले असताना कापू नका; वाळले की वर चढतात, भुवईशी कापलेली झालर कपाळाच्या मध्यावर येऊन बसते. कोरडे केस, थोडी बट, कात्री उभी. बाहेर आई कडी वाजवतेय. "अगं, इतका वेळ काय करतेस आत?" दोन वेण्या आणि लाल रिबिनींनी शाळेत जाणारी मुलगी उद्या वर्गात काय सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि आता आपल्या काळात, पण पार्लरमध्ये नको. गिरगावात या, गुढीपाडव्याच्या सकाळी. शोभायात्रा निघायचीय. ढोलांना ताण दिला जातोय, नऊवारी नेसलेल्या मुली बुलेटवर बसायच्या तयारीत आहेत, आणि फूटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीपुढं रांग लागलीय. खुर्चीमागं फेटे बांधणारा तरुण, कोल्हापूरकडचा. खांद्यावर दहा-बारा रंगांची कापडं.

"बसा ताई. केस कसे बांधलेत?"

"अंबाडा."

"सोडा तो."

तुम्ही तासभर खपून घातलेला, मोगऱ्याचा गजरा फिरवलेला. पण त्याचं बरोबर आहे. अंबाड्यावर फेटा बसत नाही, मागून उचलला जातो आणि चौकापर्यंत जाईतो तिरका होतो. सैल वेणी घालून मानेवर सोडायची, गजरा वेणीला. खोपा दाखवायचाच असेल तर तो अगदी खाली, मानेच्या खळीत. मुली दोन्ही मागतात, अंबाडा आणि फेटा, नथ आणि गॉगल. फोटोत सगळं यायला हवं ना.

तो कापड झटकतो. एक मीटर रुंद आणि पाचेक मीटर लांब. रुंदीकडून चुण्या घालत आणतो, एक टोक शेमल्यासाठी पाठीवर सोडतो. "हे धरा घट्ट." पहिला फेरा कपाळावर, भुवईच्या वर दोन बोटं. दुसरा उजवीकडून चढतो, तिसरा डावीकडून. प्रत्येक वेळी कापडाला अर्धा पीळ, अंगठ्यानं आधीच्या फेऱ्यावर दाबून. तुम्हाला तो अंगठा ओळखीचा वाटला तर मला आश्चर्य वाटणार नाही. शेवटचं टोक पंख्यासारखं उघडून तुरा खोचला की संपलं. दोन मिनिटंही लागत नाहीत. शेजारच्या दुकानात तयार फेटे टांगलेत, खळ लावून कडक केलेले, टोपीसारखे घालायचे. त्यांच्याकडं तो बघत नाही. तयार फेट्याला डोक्याचं माप नसतं, म्हणतो, कानावर येतो नाहीतर टाळूवर नाचतो.

"कुणाकडच्या?" असं मात्र त्यानं विचारलं नाही. त्यानं रंग विचारला. तुम्ही डाळिंबी सांगितला, त्यानं साडी बघून हिरवा बांधला.

रांगेत तुमच्या मागं एक काकू आहेत, सत्तरीच्या. केमोनंतर केस नुकतेच उगवू लागलेत, बोटभर, पांढरेशुभ्र. नात आग्रह करतेय, त्या नको-नको म्हणतायत, माझ्या डोक्यावर कापड ठरायचं नाही म्हणतायत. तो तरुण हसतो, आतून आधी सुती पट्टीचा एक वेढा घालतो, त्यावर फेटा चढवतो. आखूड केसांवर नुसतं कापड घसरतं. सुतावर सूत पकड घेतं. लिहून ठेवा, उपयोगी पडेल.

तुमची गाडी उभी आहे. किल्ली फिरवा, ढोल सुरू झालेत. फक्त एक अडचण आहे: फेट्यावर हेल्मेट बसत नाही, आणि चर्नी रोडच्या सिग्नलला हवालदार उभा आहे.